वरच्या उताराची पाहणी

ग्रँटली
शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रिय इल्दिको,

आधी बातमी सांगतो, कारण ती तुला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. मी पास झालो. चौथ्या खेपेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. फॉरेस्टरांच्या संघटनेचं पत्र मंगळवारी आलं. एक जानेवारीपासून मी नावापुढे ती तीन अक्षरं लावू शकेन आणि स्वतःला फॉरेस्टर म्हणवून घेऊ शकेन. एक घोषणापत्र तेवढं भरून, सही करून तीस तारखेच्या आत पोचायला हवं. पोस्टातल्या डोरीनने लिफाफा माझ्या हातात द्यायच्या आधी तळव्यावर तोलून पाहिला. म्हणाली, या वेळी जाड आहे सॅम, नापासांना एवढे कागद पाठवत नाहीत. मागचे तिन्ही लिफाफे तिच्याच खिडकीतून आले होते. तिन्ही पातळ.

तुला आनंद होईल, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे पत्र जमत नाहीये. बुधवारी एक लिहिलं, ते चुलीत गेलं. गुरुवारी एक लिहिलं, ते नुसतं बातमीचं झालं, म्हणून तेही गेलं. आज सकाळपासून दोनदा लाकडं फोडायला उठलो. लाकडं भरपूर आहेत, मार्चपर्यंत पुरतील. गाडीचं तेल तपासलं. तेलही ठीक आहे. एका जागी बसलो की पाय हलायला लागतात आणि आई टेबलाच्या पलीकडून पायांकडे बघते.

आईला बातमी सांगितली तेव्हा ती बोर्शच्या सूपसाठी कोबी चिरत होती. शहाऐंशी पूर्ण झाली, पण सुरी अजून बारीक चालते. तिने विचारलं, म्हणजे आता तू कोणापेक्षा मोठा झालास? मी म्हटलं, कोणापेक्षाच नाही. मग कागद कशाला, असं म्हणून तिने कोबी पातेल्यात लोटला. तेव्हापासून मला साहेब म्हणते. साहेब, चुलीत लाकूड घाला. साहेब, चिखलाचे बूट बाहेर काढा. आमच्या घराचं सरकारी नोंदवहीशी पिढ्यांचं वाकडं, ते तुला ठाऊकच आहे. तिच्या आजोबांनी राजाच्या नावाने शपथ घेतली नाही, म्हणून प्रेअरीच्या माळावरची कसलेली जमीन गेली आणि सगळी माणसं डोंगर ओलांडून या खोऱ्यात आली. आईचा स्वतःचा जन्म कुठे लिहिलेला नाही. पेन्शनच्या वेळी दोन म्हाताऱ्यांना साक्षीला नेऊन ती जन्मली आहे हे सिद्ध करावं लागलं होतं. तू सोबत आली होतीस. परतताना गाडीत ती तुला म्हणाली होती, बघ पोरी, कागद मिळेपर्यंत मी नव्हतेच.

तुझ्याकडे सगळं याच्या उलट. तुझ्या वडिलांनी हंगेरीतून येताना एक सूटकेस आणली आणि सूटकेसमध्ये दारावरची पितळी पाटी. नाव आणि नावाआधी हुद्दा. ती पाटी पहिली दोन वर्षं कपाटात होती, कारण इथे त्यांना कुणी फॉरेस्टर मानायला तयार नव्हतं आणि ते मिलच्या आवारात ओंडके मोजत होते. पहिल्यांदा मी तुमच्याकडे जेवायला आलो तेव्हा त्यांनी माझी ताटली स्वतः वाढली आणि सांगितलं, आमच्याकडे रस्त्यात फॉरेस्टर दिसला की लोक टोपी काढायचे. इथे आल्यावर मला विचारलं, करवत चालवता येते का. मी हसलो. ते हसले नाहीत. मग त्यांनी मला विचारलं, परीक्षा कधी देणार. तेव्हा मी एकदाच नापास झालो होतो, म्हणून पुढच्या वर्षी असं लगेच सांगता आलं.

आपण किती वर्षं एकत्र काम केलं ते काल मोजलं. एकोणीस. मी जंगलात चालायचो, तू आराखड्यावर सही करायचीस. हे तू कधी असं म्हटलं नाहीस, मीच म्हणायचो, मिलच्या कँटीनमध्ये, चारजण ऐकत असताना. पाय माझे, नाव तिचं. लोक हसायचे आणि तू तुझा डबा उघडून खायला लागायचीस. खरं तर तू माझ्याइतकीच चालायचीस. तोडीसाठी आखलेल्या प्रत्येक ब्लॉकमधली अवघड जागा तू स्वतः बघायचीस, मी बघून आलो असलो तरी. नाल्याचा काठ, उभा उतार, जिथे पाणी मुरतं ती जागा. मला ते टोचायचं. वाटायचं, हिचा माझ्यावर विश्वास नाही. एकदा मी तसं बोललोही आणि तू म्हणालीस की विश्वासाचा प्रश्न नाही, शिक्का मारताना डोळ्यांसमोर जागा दिसायला हवी, नाहीतर हात उचलत नाही.

वर्तमानपत्राची गोष्ट आठवते? हल्ली मला ती फार आठवते. नदीकाठच्या जुन्या सीडर वृक्षांवर त्यांनी पानभर मजकूर छापला, माझा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, स्थानिक फॉरेस्टर सॅम होरकॉफ. मी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. सांगितलं नव्हतं, पण छापून आलेलं दोनदा वाचलं आणि आईलाही दाखवलं. दहा दिवसांनी संघटनेचं पत्र आलं, अगदी सभ्य. हा शब्द कायद्याने राखून ठेवलेला आहे, कृपया दुरुस्ती व्हावी. पुढच्या आठवड्यात दुरुस्ती आली, शेवटच्या पानावर, हरवलेल्या कुत्र्यांच्या खाली. श्री. होरकॉफ फॉरेस्टर नाहीत. एवढंच. कुणीतरी ते कापून दुकानातल्या फळ्यावर लावलं, आणि त्या उन्हाळाभर मला बिन-फॉरेस्टर म्हणून हाका आल्या. काय बिन-फॉरेस्टर, आज कुठल्या झाडाला झाड म्हणायची परवानगी मिळाली? मीही हसायचो. शेवटी तूच एक दिवस फळ्यापाशी गेलीस, तो तुकडा काढलास आणि चुरगाळून खिशात टाकलास. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "हा शब्द मानासाठी नसतो, सॅम. काही बिघडलं तर गळा कुणाचा धरायचा हे लोकांना कळावं, म्हणून असतो."

मी तेव्हा म्हटलं होतं, मग माझा गळा मोकळा आहे, बरंच आहे.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बेंडर क्रीकचा चौदा नंबरचा ब्लॉक आला. ती जागा तुझ्यापुढे मांडायची गरज नाही, तरी लिहितो, कारण लिहिताना हात थांबला तर मला कळेल कुठे थांबतो ते. खालचे दोन भाग सरळ, हेमलॉक आणि सीडरची झाडं, पायाखाली घट्ट जमीन. वरचा तिसरा भाग उभा, आणि रस्ता त्याच्याच पोटातून जाणार होता. खाली नाला, नाल्यावर एकोणीस घरांची पाण्याची टाकी, आणि सगळ्यात शेवटी मार्जरी पेलबाईंच्या शेळ्यांची शेड. तू तेव्हा किनाऱ्यावर होतीस, हॉस्पिटलमध्ये, वडिलांपाशी. तीन आठवडे तू खुर्चीत झोपलीस. त्यांना शेवटी शेवटी इंग्रजी आठवेनासं झालं होतं, फक्त हंगेरियन, आणि नर्सला तू शब्द लिहून द्यायचीस. पाणी. दुखतं. खिडकी. मिलला आराखडा महिनाअखेर हवा होता. तू फोनवर म्हणालीस, मला यायला जमणार नाही, तुझ्या नोंदींच्या वहीवर करू या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तोड झाली, रस्ता झाला, तीन हिवाळे काही झालं नाही. चौथ्या वर्षी मे महिन्यात वरचं बर्फ आठवड्याभरात वितळलं आणि उतार खाली आला. टाकी गेली, मार्जरीबाईंची निम्मी बाग गेली, शेड गेली. मार्जरीबाई दूध काढून दहा मिनिटांपूर्वी बाहेर पडल्या होत्या. कुणी मेलं नाही, असं आपण सगळे त्या महिन्यात इतक्या वेळा म्हणालो, की शेवटी ते आपण केलेलं एखादं काम वाटायला लागलं.

आणि मग फेब्रुवारीतली संघटनेची चौकशी. शहरातल्या हॉटेलचा तो हॉल, जाड गालिचा, पाण्याच्या सुरया. तिघे समोर बसले होते. अध्यक्षांच्या कानात यंत्र होतं, ते प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचे. मी शेवटून दुसऱ्या रांगेत होतो. वरच्या भागात तुम्ही स्वतः गेला होता का? तू म्हणालीस, नाही. स्वतः गेला होता का? नाही. मग सही कशाच्या आधारावर केली? तू म्हणालीस, सहायकाच्या नोंदींवर. एका सदस्याने सहायकाचं नाव विचारलं, आणि तू म्हणालीस, "सही माझी आहे." अध्यक्षांनी मान हलवली. सहायक आपल्या नोंदीत नाहीत, त्यांच्याशी या कामकाजाचा संबंध नाही, असं त्यांनी लिहून घेतलं. माझी पिवळी वही तिथेच टेबलावर पडली होती. तिघांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि तुझ्याकडे दिली. तू वरच्या भागाची पानं काढलीस. एकेक उलटलंस. पानाच्या कोपऱ्यावर अंगठा फिरवलास, तुझी सवय. मग वही मिटलीस आणि मागे वळून पाहिलंस. मी तुझ्याकडे बघत होतो की गालिच्याकडे, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही.

निकालात लिहिलं, जागा पाहून आलेल्या अनुभवी माणसाच्या शब्दावर त्यांनी सही केली, तरी स्वतः न पाहता सही करणं हे कर्तव्यात कसूर आहे. निलंबन दोनच वर्षांचं होतं. तू परत जाऊ शकली असतीस. त्याऐवजी तू नावच काढून घेतलंस. शिक्का परत पाठवायचा होता, तो आमच्या स्वयंपाकघरात बांधलास, कारण तुझ्या घरात टेबलही विकून झालं होतं. रबर स्पिरिटने पुसलंस. मग काय वाटलं कुणास ठाऊक, एका कोऱ्या कागदावर शेवटचा ठसा उठवलास. गोल, निळा, मध्ये तुझा नंबर. बघितलास आणि लगेच चुलीत टाकलास. शिक्का मारलेला कोरा कागद घरात राहता कामा नये, म्हणालीस. मग कॉफीच्या डब्यात शिक्का, डब्याभोवती चिंध्या, आणि मी तुला पोस्टात नेलं. आईने जाताना तुझ्यापुढे कमरेतून वाकून नमस्कार केला. आमच्याकडे माणसातल्या देवाला करतात तसा. तो तिने मला आजवर केलेला नाही.

त्यानंतर तू किनाऱ्याला रोपवाटिका घेतलीस, नाताळला कार्ड पाठवलंस, दर वर्षी. त्यात नेहमी एक ओळ असायची, परीक्षेला बसलास का? मी बसलो ते त्या ओळीमुळे बसलो. अभ्यास टेबलावर करायचो, आई मटार सोलायची. पण कार्ड आलं की मी चार दिवस कुणाशी बोलायचो नाही. बेंडर क्रीकचा रस्ता मी सात वर्षं टाळतो आहे. मिलला जायला पलीकडून वळसा घेतो, अठरा किलोमीटर जास्त. कुणी विचारलं तर सांगतो, त्या बाजूला खड्डे आहेत.

घोषणापत्र दोन पानांचं आहे. नाव, पत्ता, काम. मी नेमून दिलेली आचारसंहिता पाळीन. नववा प्रश्न असा आहे की, तुमच्या आधीच्या कामात संघटनेला माहीत असायला हवं असं काही आहे का. होय, नाही, आणि खाली चार ओळींची जागा. मंगळवारी दुपारी मी आठ प्रश्न दहा मिनिटांत भरले. गुरुवारपर्यंत नववा तसाच होता. पेन उचलायचो, ठेवायचो, उठून अंगणात जायचो. शेवटी आई म्हणाली, बस खाली, व्यायला आलेल्या मांजरासारखा काय फिरतोयस. शपथ घ्यायला लावतायत का तुला? मी म्हटलं, शपथ नाही आई, नुसतं होय की नाही. मग तिने आजोबांची गोष्ट काढली. मला वाटलं, पुन्हा तीच, राजा आणि जमीन. पण तिने एक वेगळंच सांगितलं, जे मी कधी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून सोडून दिलं होतं. "आजोबांना राजाचा राग नव्हता रे. ते म्हणायचे, शपथेवर खरं बोलणारा माणूस बाकीच्या वेळी खोटं बोलायची मुभा मागून ठेवतो."

मी उठलो नाही. पाय पहिल्यांदाच थांबले होते. शपथ न घेतलेला माणूस मोकळा, अशी मी अकरा वर्षं समजूत करून घेतली होती, तीही आजोबांच्या नावावर.

काल मी बेंडर क्रीकला गेलो. वळसा न घेता. यंदा बर्फ अजून उतरलेलं नाही, फक्त पाऊस. गाडी मार्जरीबाईंच्या फाटकापाशी लावली. त्या बाहेर आल्या, हातात बादली. "सात वर्षांनी उगवलास. रस्ता विसरला होतास?" मी म्हटलं, वर जाऊन यायचं आहे. आधी चहा घे, म्हणाल्या, वर काही पळून जात नाही, जायचं ते आधीच गेलं. चहा घेताना त्यांनी खिडकीतून दाखवलं. घसरलेल्या पट्ट्यावर सीडरची रोपं, डोक्याइतकी उंच झाली आहेत. दर वसंतात चाळीस येतात, पेटीवर कुणाचं नाव नसतं, पण किनाऱ्याच्या पोस्टाचा छाप असतो. त्यांना ठाऊक आहे, इल्दिको. मला ठाऊक नव्हतं. त्यांनी कप उचलता उचलता विचारलं, ती रोपं पाठवते, तू काय पाठवलंस? टोमणा नव्हता तो. साधा प्रश्न होता. मी बूट बांधले.

वर पोचायला मला दोन तास लागले. गुडघा आता पूर्वीसारखा नाही. जुन्या रस्त्याचा तुकडा ओलांडला आणि दरडीच्या कडेकडेने, जिथे जंगल अजून उभं आहे, तिथून चढलो. होकायंत्र, फीत, नवी वही. बारा ठिकाणं ठरलेली होती, मूळ नकाशावरचीच. त्यातल्या पाचांखालची जमीन दरडीबरोबर गेली, ती आता हवेत आहेत, म्हणून ती कडेला सरकवून घेतली. पहिल्याच ठिकाणी बूट घोट्यापर्यंत आत गेला. काटेरी सोटे दाट उभे होते, पानं गळालेली, ज्यांना तू सैतानाचे सोटे म्हणायचीस आणि ज्यांच्याकडे बोट दाखवून मला पहिल्या वर्षी शिकवलं होतंस की हे दिसले म्हणजे खाली पाणी आहे, मग कितीही कोरडं दिसो. आणि हेमलॉक. एकूणएक हेमलॉक बुडाशी वाकलेला. उताराकडे झुकून पुन्हा वर वळलेला, कारण पायाखालची माती शंभर वर्षं हळूहळू सरकत होती आणि झाड तेवढ्याच सावकाश स्वतःला सरळ करत होतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही थांबला असता. त्याने लाल फीत बांधली असती आणि खाली उतरून सांगितलं असतं, इथून रस्ता नेऊ नका. हे कळायला मला दहा मिनिटं लागली.

तर, इल्दिको, मी त्या उतारावर काल पहिल्यांदा गेलो. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी मी ब्लॉकच्या मध्यापर्यंत चढलो होतो. आदल्या दिवशी तिसऱ्या परीक्षेचा पातळ लिफाफा आला होता आणि तो माझ्या खिशात होता. मी एका ओंडक्यावर बसून वरच्या उताराकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, कशाला, खाली नाव तिचंच लागणार. मग गाडीत येऊन बारा ठिकाणांच्या नोंदी लिहिल्या, हवाई फोटो मांडीवर ठेवून. संध्याकाळी तुझा फोन आला, हॉस्पिटलच्या जिन्यातून. वर गेलास? गेलो. कोरडं आहे? कोरडं आहे. तू दोनदा विचारलंस आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. नवव्या प्रश्नापुढे मी होय लिहिलं आहे. चार ओळी पुरल्या नाहीत, दोन कागद जोडले आणि चौकशीनंतर परत मिळालेली जुनी पिवळी वहीही सोबत ठेवली. सोमवारी डोरीनच्या खिडकीत देईन. हे पत्र आजच टाकतो, म्हणजे तुला त्यांच्या आधी कळेल. ते मला घेतील असं वाटत नाही. घेतलं, तर आधी माझा गळा धरतील, आणि तोपर्यंत तो धरता येईल अशा जागी असेल. तू चालली नाहीस, हे खरं आहे आणि ते खरंच राहील. पण जागा पाहून आलेल्या माणसाच्या शब्दावर तू सही केलीस असं त्यांच्या निकालात आहे, ते खोटं आहे, आणि ते माझं आहे. क्षमा मागायला हे लिहिलेलं नाही. मला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारायचा हक्क नसताना विचारतो. त्या हॉलमध्ये तू वहीची पानं उलटलीस. बाकी सगळ्या वहीला चिखल, चीक, बोटांचे डाग होते. ती बारा पानं स्वच्छ होती. तुला तेव्हाच दिसलं होतं का? उत्तर आलं नाही तरी चालेल. बारा ठिकाणांच्या खऱ्या नोंदी या लिफाफ्यात आहेत. तुझी जागा होती ती, तुझ्या डोळ्यांसमोर दिसायला हवी होती. पानांवरचा चिखल पुसलेला नाही.

तुझाच, या एका कामापुरता अजूनही तुझा सहायक,
सॅम